महसीर संरक्षण आणि हौशी मासेमारी

महसीर संरक्षण आणि हौशी मासेमारी : भारतीय उपखंडातील नद्यांत आढळणाऱ्या टॉर वंशातील मोठ्या माशांना ‘महसीर’ हे सामान्य नाव आहे. त्यांच्या संख्येत गेल्या शतकात झालेली घट, त्या घटीची कारणे आणि गळाने होणाऱ्या हौशी मासेमारीवर घालावयाचे निर्बंध यांविषयी मत्स्यशास्त्रज्ञ, वन्य जीव संरक्षक संस्था, शासनाचे वन व मत्स्यव्यवसाय विभाग आणि हौशी मासेमार यांच्यात दीर्घकाळ मतभेद आहेत. एका पक्षाच्या मते संकटात असलेल्या माशाला केवळ करमणुकीसाठी गळाला लावणे ही शिकारच होय. दुसऱ्या पक्षाच्या मते पकडलेला मासा जिवंत सोडून देणारा मासेमार हाच त्या नदीचा सर्वांत जागरूक राखणदार असतो. कावेरी नदीच्या मध्यप्रवाहात या दोन्ही मतांची प्रत्यक्ष कसोटी लागली. त्यामुळे तेथील अनुभव या प्रश्नाच्या अभ्यासात महत्त्वाचा मानला जातो.

प्रकार व जीवनक्रम : महसीर हे रोहू, कटला व मृगळ यांच्याच म्हणजे सायप्रिनिडी कुलातील मासे आहेत. मोठे जाड खवले, मांसल ओठ, मुखाजवळील मिशांच्या दोन जोड्या आणि वेगवान प्रवाहात पोहण्यास योग्य असे निमुळते, बळकट शरीर ही त्यांची ठळक लक्षणे होत. हिमालयाच्या पायथ्याच्या नद्यांत सोनेरी महसीर (टॉर पुटिटोरा) आढळतो. दख्खनच्या नद्यांतील महसीराचे (टॉर खुद्री) पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये केले. त्यासाठी त्यांनी वापरलेले नमुने पुण्याजवळच्या मुळा-मुठा नदीतील होते. या जातीच्या परांवर निळसर झाक असल्याने तिला निळ्या परांचा महसीर असेही म्हणतात. कावेरीच्या खोऱ्यात याहून वेगळा, मानेमागे वशिंडासारखा उंचवटा असलेला आणि नारिंगी परांचा प्रचंड महसीर आढळतो. मासेमारांत त्याची कीर्ती सर्वाधिक होती. म्हैसूर येथील व्हॅन इंगेन घराण्यातील एका शिकाऱ्याने १९४६ मध्ये कावेरीची उपनदी काबिनी हिच्यात पकडलेला महसीर १२० पौंड (सु. ५४ किग्रॅ.) वजनाचा होता.

महसीरास स्वच्छ, थंड व प्राणवायूने समृद्ध असे वाहते पाणी लागते. तो सावकाश वाढतो आणि प्रजननक्षम होण्यास त्यास काही वर्षे लागतात. कटला, रोहू इ. माशांच्या तुलनेत त्याची अंडी संख्येने बरीच कमी असतात. पावसाळ्यात नद्यांना पाणी वाढले की महसीर प्रवाहाच्या उलट दिशेने वर चढतात व गोटे-वाळूच्या तळावर अंडी घालतात. अशा माशाच्या बाबतीत मोठ्या माद्यांची संख्या घटली, तर ती भरून येण्यास अनेक वर्षे जातात. चढणीचा मार्ग बंद झाला, तर ती भरून येतही नाही.

घटीची कारणे : मत्स्यशास्त्रात अतिमासेमारीचे दोन प्रकार मानतात. मासे पुरेसे वाढण्यापूर्वीच पकडले गेल्याने एकूण उत्पन्न घटते, हा पहिला प्रकार. प्रजननक्षम मासे इतके कमी होतात की पुढची पिढीच अपुरी निपजते, हा दुसरा व अधिक गंभीर प्रकार होय. महसीराच्या बाबतीत हे दोन्ही प्रकार घडले आहेत. बारीक आसाच्या जाळ्यांनी पिल्ले धरली जातात. पहिल्या पावसात ओढ्यानाल्यांतून वर चढणारे, अंड्यांनी भरलेले मासे पकडण्याची प्रथा देशाच्या अनेक भागांत आहे. कोकणात अशा माशांस ‘वलगणीचे मासे’ म्हणतात. याहून घातक म्हणजे डोहात सुरुंगाच्या कांड्या टाकणे आणि पाण्यात विष कालविणे. त्यात लहानमोठे सर्वच मासे, त्यांचे खाद्य असलेले जीव आणि अंडी एकाच वेळी नष्ट होतात.

मात्र घटीस केवळ मासेमारी कारणीभूत नाही. धरणांमुळे माशांचा चढणीचा मार्ग अडतो, खालच्या पात्रातील पाण्याचे प्रमाण व तापमान बदलते आणि अंडी घालण्याजोगा तळ गाळाखाली जातो. कावेरीवरील मेत्तूर धरण (१९३४), कृष्णा खोऱ्यातील कोयना धरण आणि भागीरथीवरील सु. २६० मी. उंचीचे टेहरी धरण ही याची उदाहरणे होत. नदीपात्रातील वाळूउपसा आणि शहरांचे व कारखान्यांचे सांडपाणी यांनी या हानीत भर घातली. म्हणून महसीराविषयीच्या प्रत्येक वादात गळास दोष किती द्यावयाचा आणि धरणास, सुरुंगास व सांडपाण्यास किती, हा प्रश्न अपरिहार्यपणे येतो.

इतिहास : महसीराच्या गळाने होणाऱ्या मासेमारीस एकोणिसाव्या शतकात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी खेळाचे रूप दिले. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन टॉमस यांचा रॉड इन इंडिया हा ग्रंथ १८७३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी फ्रान्सिस डे यांनी भारत व ब्रह्मदेशातील गोड्या पाण्यातील मासे आणि मत्स्यव्यवसाय यांवरील आपला अहवाल प्रसिद्ध केला. बारीक आसाची जाळी, ओढ्यांत कायम बसविलेले सापळे आणि पिल्लांचा नाश यांकडे डे यांनी शासनाचे लक्ष वेधले. अशा प्रयत्नांची परिणती १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमात झाली. या अधिनियमाने मासे मारण्यासाठी स्फोटके व विष वापरणे हा गुन्हा ठरविला. जाळ्यांच्या आसांचा आकार, सापळे, बांध व विशिष्ट जलाशयातील मासेमारीवरील तात्पुरती बंदी यांविषयी नियम करण्याचा अधिकार प्रांतिक सरकारांस मिळाला.

या इतिहासाची एक बाजू आजच्या वादातही जाणवते. मासे राखण्याचा आग्रह धरणारे अनेकदा हौसेखातर मासे मारणारेच होते, तर निर्बंध प्रामुख्याने पडले ते पोटासाठी मासे धरणाऱ्या भोई, कोळी व आदिवासी यांच्यावर. नदी कोणाच्या हौसेसाठी आणि कोणाच्या उपजीविकेसाठी, हा प्रश्न तेव्हापासून पूर्णपणे सुटलेला नाही.

कावेरीवरील प्रयोग : स्वातंत्र्यानंतर महसीराच्या खेळाकडे काही काळ दुर्लक्ष झाले. १९७० नंतरच्या दशकात कावेरीत अद्याप मोठे महसीर असल्याचे परदेशी मासेमारांच्या निदर्शनास आले आणि या नदीकडे पुन्हा लक्ष वेधले गेले. १९७२ मध्ये बंगलोर येथे स्थापन झालेल्या दक्षिण भारत वन्य जीव संघाने आणि पुढे कोडगू येथील वन्य जीव संस्थेने कावेरीचे काही पट्टे शासनाकडून भाडेपट्ट्याने घेतले. शिवनसमुद्र धबधब्याच्या खालच्या बाजूस भीमेश्वरी, दोड्डमकळी व गालिबोर येथे कर्नाटक शासनाच्या पर्यटन उपक्रमाचे मासेमारी तळ उभे राहिले.

या तळांवरील नियम कडक होते. पकडलेला प्रत्येक मासा वजन करून जिवंत सोडून द्यावयाचा, हा मुख्य नियम होता. मासेमाराने शुल्क भरावयाचे आणि त्यातून पहारेकऱ्यांचा व तळाचा खर्च भागवावयाचा, अशी व्यवस्था होती. वाटाडे व पहारेकरी म्हणून नदीकाठच्या गावांतील लोक नेमण्यात आले. त्यांपैकी काहींनी पूर्वी चोरून मासे मारलेले होते, त्यामुळे सुरुंग कोठे व केव्हा लावले जातात हे ते जाणून होते. जिवंत माशास मेलेल्या माशापेक्षा अधिक मोल प्राप्त करून देणे, हे या व्यवस्थेचे आर्थिक सूत्र होते. बाजारात मोठा महसीर एकदाच विकला जातो, तर सोडलेला मासा पुन्हा पकडता येतो आणि दर वेळी गावास रोजगार देतो, असे तिचे समर्थक सांगत.

कायदा व बंदी : नदीच्या या भागाचा १९८७ मध्ये घोषित झालेल्या कावेरी वन्य जीव अभयारण्यात समावेश झाला. १९७२ च्या वन्य जीव (संरक्षण) अधिनियमात ‘शिकार’ या संज्ञेत प्राण्यास मारण्याबरोबरच पकडणे, सापळ्यात अडकविणे व आमिष दाखविणे यांचाही अंतर्भाव होतो. २००२ च्या दुरुस्तीने ‘प्राणी’ या संज्ञेच्या व्याख्येत मासे स्पष्टपणे समाविष्ट केले. तसेच अभयारण्यातील कोणत्याही वन्य जीवाचा नाश, उपभोग वा अपहार मुख्य वन्य जीव रक्षकाच्या परवान्याविना करता येत नाही आणि असा परवाना वन्य जीवांच्या हितासाठी आवश्यक असेल तरच देता येतो. या तरतुदींच्या आधारे संरक्षित क्षेत्रांतील गळाची मासेमारी ही शिकार ठरविण्यात आली आणि २०१२ पर्यंत अभयारण्यातील तळांवरील मासेमारी बंद झाली.

बंदीस विरोध करणाऱ्यांचे म्हणणे असे की, त्या वेळी महसीर अधिनियमाच्या कोणत्याही अनुसूचीत नव्हता. पकडून सोडलेल्या माशाचा नाशही होत नाही व अपहारही होत नाही. शिवाय परवाना वन्य जीवांच्या हितासाठी द्यावयाचा असेल, तर हा उपक्रम त्या अटीत बसतो. बंदीच्या समर्थकांनी उलट असे मांडले की, अभयारण्य हे करमणुकीसाठी प्राण्यास इजा करण्याचे स्थान नव्हे. वाघास गुंगीचे इंजेक्शन मारून पुन्हा सोडून देण्याचा खेळ कोणी मान्य करणार नाही, मग माशासच वेगळा न्याय कशासाठी ?

सोडलेल्या माशाचे काय होते ? : या प्रश्नाचे उत्तर प्रयोगाने मिळू शकते. कावेरीतील निळ्या परांच्या महसीरावर झालेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सोडलेल्या माशांपैकी बहुतेक तग धरून राहतात असे दिसून आले. मात्र झुंज जितकी लांबेल तितका रक्तातील रासायनिक बदल वाढतो व माशाच्या प्रतिक्षिप्त क्रिया मंदावतात, हेही त्यात आढळले. मासा पाण्याबाहेर किती वेळ ठेवला जातो, पाणी किती उबदार आहे, गळ कोठे रुतला आहे व त्यास काटा आहे की नाही, यांवरही परिणाम अवलंबून असतो. म्हणून बिनकाट्याचा एकेरी गळ, दणकट दोर, मासा पाण्यातच ठेवून गळ काढणे आणि विणीच्या हंगामात मासेमारी पूर्ण बंद ठेवणे हे नियम तज्ञ सुचवितात.

नैतिक आक्षेप याने मिटत नाही. स्वित्झर्लंडमध्ये पकडून सोडण्याच्या हेतूनेच मासे पकडण्यास प्राणिसंरक्षण नियमांनी मनाई आहे. तेथे पकडावयाचा तर खाण्यासाठी, अशी भूमिका आहे. याउलट ब्रिटन व अमेरिकेत मासा सोडून देणे हेच सुसंस्कृत मासेमाराचे लक्षण समजले जाते. एकाच कृतीस एका देशात क्रौर्य व दुसऱ्या देशात संयम म्हणतात, यावरून हा वाद केवळ शास्त्राने निकालात निघणारा नाही, हे स्पष्ट होते.

नोंदवह्यांचा पुरावा : गालिबोर तळावर प्रत्येक मासेमाराने घालविलेले तास, पकडलेले मासे व त्यांची वजने यांची नोंद ठेवली जात असे. १९९८ ते २०१२ या कालखंडातील या नोंदींत मासेमारीचे २३,००० हून अधिक तास व ६,००० हून अधिक महसीर यांचा हिशोब आहे. भारतातील नदीतील माशांविषयी इतकी सलग माहिती अपवादानेच मिळते. ब्रिटिश व भारतीय संशोधकांनी २०१५ मध्ये तिचे विश्लेषण प्रसिद्ध केले. दर तासास पकडल्या जाणाऱ्या माशांची संख्या या काळात वाढत गेली होती, तर माशांचे सरासरी वजन घटत गेले होते. लहान माशांची भरती होत असल्याचे हे चिन्ह असल्याने राखणीचा उपयोग झाला, असा निष्कर्ष प्रथमदर्शनी निघत होता.

परंतु त्याच नोंदी माशाच्या प्रकारानुसार वेगळ्या केल्यावर चित्र पालटले. वाढ झाली होती ती निळ्या परांच्या महसीराची. वशिंड असलेल्या महसीराची संख्या त्याच काळात झपाट्याने घटली होती. जे थोडे सापडत होते ते अधिकाधिक मोठे व वयस्क होते, म्हणजे त्यांची नवी पिढी तयार होत नव्हती. सुरुंगापासून राखलेल्या पट्ट्यातही हा मासा नाहीसा होत होता. त्यामुळे केवळ अतिमासेमारी हे त्याचे कारण म्हणता येत नाही आणि केवळ राखण हा त्यावरील उपायही ठरत नाही.

मत्स्यबीज व परका महसीर : निळ्या परांचा महसीर कावेरीत इतका कसा वाढला, याचे उत्तर शोधताना महाराष्ट्रातील एका यशस्वी उपक्रमाचा संबंध येतो. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटा विद्युत कंपन्यांच्या मत्स्यबीज केंद्रात १९७० नंतरच्या दशकात टॉर खुद्री या जातीचे कृत्रिम प्रजनन साध्य झाले. मत्स्यशास्त्रज्ञ चं. वि. कुलकर्णी यांनी या जातीच्या विणीचा व अंड्यांच्या विकासाचा मूलभूत अभ्यास केला होता. पुढे ओगले यांच्या सहकार्याने ते तंत्र मोठ्या प्रमाणावर वापरता आले. पक्व मादीच्या पोटावर हलका दाब देऊन अंडी काढावयाची, त्यांवर नराचे वीर्य मिसळावयाचे आणि फलित अंडी वाहत्या पाण्याच्या तबकांत उबवावयाची, अशी ही पद्धत आहे. येथील बोटुकली देशातील अनेक राज्यांस पुरविण्यात आली व कर्नाटकातील नद्यांतही सोडण्यात आली.

संकटातील मासा वाचविण्याचा हा प्रयत्न सद्‌हेतूने झाला व दख्खनच्या महसीरास त्याचा लाभही झाला. परंतु कावेरीत त्या जातीचे बीज सोडताना तेथील मूळचा महसीर वेगळी जात आहे, याची स्पष्ट कल्पना नव्हती. अन्न व विणीच्या जागा यांसाठी स्पर्धा आणि संभाव्य संकर यांमुळे नवा मासा मूळच्या माशास मारक ठरला असावा, असे संशोधकांस वाटते. धरणे व पाण्याच्या बदललेल्या मानाचा वाटा यात किती, हे मात्र वेगळे काढता येत नाही.

ही चूक होण्यास नामकरणाचा घोळही कारणीभूत होता. वशिंड असलेल्या महसीरास बरीच वर्षे टॉर मुसुल्ला म्हणत. वस्तुतः साइक्स यांनी दिलेले मुसुल्ला हे नाव हिप्सेलोबार्बस या निराळ्या वंशातील माशाचे आहे. २०१८ मध्ये शरीररचना व जननिक पुरावा यांवरून हा मासा म्हणजे केरळातील पांबार नदीतून वर्णिलेली टॉर रेमादेवी ही जात होय, असे निश्चित झाले. त्यानंतर आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या तांबड्या यादीत तिची नोंद अतिसंकटग्रस्त या वर्गात झाली. ज्या माशासाठी शंभर वर्षे जगभरचे शिकारी कावेरीवर येत, त्याला योग्य शास्त्रीय नाव मिळेपर्यंत तो जवळजवळ नाहीसा झाला होता.

बंदीनंतरचे मतभेद : तळ बंद झाल्यावर पहारेकऱ्यांचा रोजगार गेला, नदीवरील वावर कमी झाला आणि सुरुंग व जाळी पुन्हा सुरू झाली, अशी मासेमार संघटनांची तक्रार आहे. हौशी मासेमारीची संरक्षणातील उपयुक्त भूमिका मांडणारा लेख २०१३ मध्ये करंट सायन्स या नियतकालिकात आला होता. वन्य जीव संरक्षकांपैकी अनेकांचे उत्तर असे की, चोरटी मासेमारी रोखणे हे वन विभागाचे कर्तव्य आहे. ते पार पाडण्यासाठी अभयारण्य शौकिनांस भाड्याने देण्याची गरज नाही. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. बंदीने नोंदवह्याही थांबल्या आणि त्या पट्ट्यातील माशांच्या संख्येचे मान कळण्याचे एक नियमित साधन गेले, ही बाब मात्र निर्विवाद आहे.

संरक्षित क्षेत्रांबाहेर गळाची मासेमारी राज्यांच्या मत्स्यव्यवसाय कायद्यांनुसार चालते. हिमाचल प्रदेशात परवाना, पकडावयाच्या माशाचे किमान आकारमान आणि पावसाळ्यातील बंदी हंगाम अशी नियमांची जुनी चौकट आहे. तेथे व उत्तराखंडात सोनेरी महसीराच्या बीजोत्पादनाचेही प्रयत्न झाले आहेत. भीमताल येथील थंड पाण्यातील मत्स्यसंशोधन संस्थेने या कामी तंत्र विकसित केले.

देवाचे मासे : कायदा व खेळ यांहून जुनी अशी तिसरी परंपरा म्हणजे देवस्थानांचे डोह. रायगड जिल्ह्यात महाडजवळ काळ नदीवरील वाळण कोंड येथे महसीर देवीचे मासे म्हणून राखले जातात. त्यांस खाऊ घालतात, पकडत नाहीत. कर्नाटकात तुंगेकाठी शृंगेरी आणि दक्षिण कन्नड जिल्ह्यात शिशिल येथेही असे राखीव डोह आहेत. परवाना, पहारेकरी व शुल्क यांविना मोठे महसीर या जागी टिकून राहिले, ही लक्षणीय गोष्ट होय. परंतु या संरक्षणासही मर्यादा आहेत. शिशिल येथे १९९६ मध्ये पाण्यात विष टाकले गेल्याने हजारो मासे मेले. शिवाय श्रद्धेची हद्द डोहाबरोबर संपते, तर अंडी घालण्यासाठी माशास तिच्या पलीकडे जावे लागते.

मूल्यमापन : महसीराचा प्रश्न गळ असावा की नसावा एवढ्यापुरता मर्यादित नाही. कावेरीच्या अनुभवावरून काही गोष्टी स्पष्ट होतात. राखणीने सुरुंग थांबतो व माशांची संख्या वाढू शकते, परंतु कोणत्या जातीची, हे पाहिल्याखेरीज ती वाढ यश म्हणून मोजता येत नाही. बीज सोडणे हा उपाय त्या नदीतील मूळ जातीचेच बीज असेल तरच उपकारक ठरतो. बंदी घालणे सोपे असते, परंतु तिच्यामागे पहारा व नोंद यांची पर्यायी व्यवस्था नसेल, तर नदी निर्धोक न होता केवळ दुर्लक्षित होते. निर्बंधांचा भार ज्या गावांवर पडतो, त्यांना त्या व्यवस्थेत स्थान मिळाल्याशिवाय ती टिकतही नाही. या साऱ्याच्या मुळाशी नदीचा अखंड प्रवाह आहे. चढणीचा मार्ग मोकळा व अंडी घालण्याचा तळ स्वच्छ राहिला नाही, तर परवानगी आणि बंदी यांपैकी कोणत्याही धोरणाने महसीराची पुढची पिढी निपजू शकत नाही.